बरोबर जेन्ट्स कोण आहे?

काउंटरवरच्या माणसाने हा प्रश्न विचारला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. जळगावचा स्टँड, त्याच्या समोरची एक लॉज आणि दारात उभ्या आम्ही आठ बायका. प्रत्येकीच्या पाठीवर एक सॅक. त्यातल्या निम्म्या सॅक मुलांच्या शाळेच्या जुन्या, एकीवर तर छोटा भीम हसत होता.

"बरोबर जेन्ट्स कोण आहे?"

"कोणी नाही. आम्हीच आहोत."

"मग नाही जमणार मॅडम. नुसत्या लेडीजला आम्ही रूम देत नाही."

मी बचत गटाच्या बैठकांमधून वर्षानुवर्षं बोलत आले आहे. बायकांचे हक्क, बायकांचं मन, बायकांचा वेळ. पण त्या क्षणी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. कारण खरं सांगते मैत्रिणींनो, पहिला विचार माझ्याही मनात हाच आला, की 'ह्यांना' घेऊन यायला हवं होतं का?

त्या रात्रीचं पुढे सांगतेच. पण आधी आम्ही तिथे पोहोचलो कशा ते ऐका.

मी राहते पुरुषोत्तमनगरला. शहाद्याजवळ, सातपुडा साखर कारखान्याच्या परिसरात. हंगाम सुरू झाला की रस्त्याने उसाच्या गाड्या आणि हवेत मळीचा वास, हे आमचं वर्षाचं वेळापत्रक. आमच्या गावाच्या नावातच पुरुषोत्तम, तेव्हा बायकांनी एकट्याने कुठे जायचं म्हणजे गावाच्या नावालाच धक्का, असं आम्ही आपसात हसतो. म्हणजे बाहेर पडत नाही असं नाही हं. माहेरी जातो, लग्नाला जातो, दवाखान्यात जातो, प्रकाशाला तापीवर जातो, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जातो. पण प्रत्येक वेळी कारण असतं. आणि बहुतेक वेळा बरोबर घरातलं कुणीतरी असतं.

एकदा संध्याकाळी कट्ट्यावर बसलो असताना शेजारच्या वहिनींनी सहज विचारलं, "आपल्यातली कोण कारण नसताना एक रात्र तरी घराबाहेर झोपली आहे?"

सगळ्या गप्प. बाळंतपण, आजारपण, मयत, लग्न. याच्या पलीकडे एकीलाही आठवेना. मी बी. ए. झालेली, मराठी साहित्य घेऊन. मीना प्रभूंचं 'माझं लंडन' वाचनालयातून आणून दोनदा वाचलेलं. लंडनचे रस्ते मला माहीत, पण तीनशे किलोमीटरच्या आतली अजिंठ्याची लेणी मी शाळेच्या पुस्तकातच पाहिलेली!

तिथेच भिशी सुरू झाली. आठ जणी, महिन्याला अडीचशे रुपये, दहा महिने. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, अंगणवाडीच्या ताई, दोघी सख्ख्या जावा, भाजी विकणाऱ्या मावशी, शेजारच्या वहिनी, मी आणि आणखी एक. हिशेब वहीत मांडला. कारखान्याच्या परिसरातली माणसं आम्ही, हिशेब पक्का लागतो!

प्रवासाचा मोठा प्रश्न एसटीनेच सोडवला होता. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांमध्ये बायकांना अर्धं तिकीट आहे. १९८८ पासून चालत आलेली 'आवडेल तेथे प्रवास' ही चार आणि सात दिवसांच्या पासाची योजनाही आहे. एक पास काढा आणि हव्या त्या गाडीत बसा. पण आमच्या मार्गाला अर्धं तिकीटच स्वस्त पडत होतं. अर्ध्या तिकिटाला लोक नावं ठेवतात, बायका उगाच फिरायला लागल्या म्हणतात. मी म्हणते, फिरू द्या की! पुरुष काय कायम कामालाच गाडीत बसतात?

राहायचं कुठे? हॉटेल परवडणार नाही. बाईंनी सुचवलं, होस्टेल. म्हणजे एका मोठ्या खोलीत आठ-दहा पलंग, आपण आपल्या पलंगाचे पैसे द्यायचे, न्हाणीघर सगळ्यांत एक. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "ते कॉलेजच्या पोरापोरींचं असतं. आपल्याला कोण घेईल?" पण चौकशी केली तेव्हा कळलं, 'युथ होस्टेल' नाव असलं तरी युथ होस्टेल्स असोसिएशनच्या सदस्यत्वाला वयाची वरची अट नाही.

या होस्टेलची जन्मकथा बाईंनीच आम्हाला सांगितली. १९०९ साली जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसाने गाठलं आणि त्या सगळ्यांनी एका गावातल्या शाळेत रात्र काढली. मास्तरांच्या मनात आलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग गरीब मुलांना मुक्कामाला त्या का देऊ नयेत? १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ होस्टेल सुरू झालं आणि तिथून ही कल्पना जगभर गेली.

ऐकून मावशी म्हणाल्या, "मग हे आपल्या धर्मशाळेसारखंच झालं की!" अगदी खरं. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या त्या कुणासाठी? ज्यांच्याकडे लॉजचे पैसे नाहीत त्यांच्यासाठीच. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभ्या केल्या. वारीला जाणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या अनोळखी माणसांच्या शेजारी पथारी पसरून झोपत आल्या आहेत. म्हणजे एका खोलीत दहा जणींनी झोपणं आपल्याला नवं नाही. देवाचं नाव न घेता झोपणं तेवढं नवं!

आणि इथेच आमची खरी गंमत झाली. गंमत म्हणा नाहीतर पळवाट. घरी सांगताना आम्ही सगळ्यांनी एकच सांगितलं: "शेगावला चाललो. गजानन महाराजांच्या दर्शनाला." वेरूळ-अजिंठा "वाटेत" पाहणार होतो. नकाशा काढून बघा, शहाद्याहून शेगावला जाताना संभाजीनगर कुठल्या वाटेत येतं ते! पण महाराजांचं नाव निघालं आणि सगळ्या घरांतून होकार आले.

सगळ्या म्हणजे सात. आठवीच्या घरून नाही आला. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, "घरात देव नाही का?" दहा महिने तिने पैसे भरले होते. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली, डब्यात दशम्या घेऊन. "तुम्हाला प्रवासाला होतील," म्हणाली. पैसे परत घे म्हटलं तर घेईना. "राहू द्या वहीत. पुढच्या खेपेला." मी सामाजिक काम करते म्हणवते, पण त्या दिवशी मला तिच्यासाठी काही करता आलं नाही. मी जाऊन बोलू का, असं विचारलं, तर तिने हात जोडले. बोलले तर घरी तिलाच ऐकून घ्यावं लागेल, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

तिची जागा भलत्याच माणसाने घेतली. वहिनींच्या सासूबाई, वय शहात्तर. सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होईल असं आम्ही धरून चाललो होतो. वहिनींनी भीत भीत विषय काढला. आजी ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माले बी लई चाला ना!"

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीत तिकीटच नाही. आजींनी आधार कार्ड पदरात बांधलं आणि त्या तयार!

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी आम्ही निघालो. वारही मुद्दाम बघून ठरवला, कारण वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. शहादा, शिरपूर, धुळे. तिथून गाडी बदलून चाळीसगाव, कन्नड करत संभाजीनगर. खिडकीतून आधी केळी, मग कपाशीच्या पऱ्हाट्या, मग घाट. आजी खिडकीशी बसलेल्या. प्रत्येक गावाची पाटी मोठ्याने वाचायच्या. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या अक्षरांचं त्या दिवशी सार्थक झालं.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने लिहायलाच हवी. आमच्यातल्या पाच जणींनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. का ते तुम्हाला सांगायला नको. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाची धास्ती. बायका तहान मारून प्रवास करतात, मग डोकं दुखतं, लघवीची जळजळ सुरू होते आणि घरी आल्यावर "प्रवास बाधला" असं म्हणतात. प्रवास बाधत नाही हो, पाणी न पिणं बाधतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नियम केला: दर थांब्यावर सगळ्यांनी मिळून उतरायचं, दोघींनी दाराशी थांबायचं, कागदी साबण आणि पाण्याची जादा बाटली जवळ ठेवायची. आणि पाणी प्यायचं!

होस्टेलची खोली म्हणजे चार दुमजली पलंग. जावा-जावांत वरच्या पलंगावरून वाद. दोघींनाही वरच झोपायचं होतं! घरी ज्यांना पलंगाची कड मिळते, त्यांना स्वतःचा आख्खा पलंग मिळाला होता. रात्री अकराला दिवे बंद झाल्यावर अंधारात धाकटी जाऊ म्हणाली, "उद्या सकाळी दूध तापवायचं नाही." नुसतं एवढंच. थोड्या वेळाने कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसायला लागलो. पलीकडच्या खोलीत नागपूरच्या दोन मुली होत्या, नोकरी करणाऱ्या. सकाळी चहाला भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "काकू, तुम्ही कुठल्या टूरबरोबर आलात?" मावशी झटक्यात म्हणाल्या, "आमच्याच!"

वेरूळला दिवसभर हिंडलो. चौतीस लेणी आहेत, सगळी काही बघून होत नाहीत. सोळाव्या, कैलास लेण्यात मात्र आम्ही दोन तास काढले. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम. डोंगर वरून खाली कोरत आणला, आधी कळस घडला आणि शेवटी पाया. बाईंनी हे समजावून सांगितलं तेव्हा आजी बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चुकलं तर परत लावता येत नाही." आयुष्यभर चुलीवर आणि शेतात राबलेल्या बाईला त्या कोरीव कामातली सगळ्यात अवघड गोष्ट बरोबर कळली होती.

दुपारी घृष्णेश्वरालाही गेलो. त्या देवळाच्या जीर्णोद्धारात होळकर घराण्यातल्या स्त्रियांचा हात आहे. घरी सांगायला एक देव आधीच झाला!

तिसऱ्या दिवशी सामान पाठीवर घेऊन जळगावच्या गाडीत बसलो आणि अजिंठ्याच्या फाट्याला उतरलो. तिथून लेण्यांपर्यंत एसटीच्याच गाड्या सोडतात, बाकी वाहनं आत नेत नाहीत. पायऱ्या बघून आजी म्हणाल्या, "तुम्ही जा. मी थैल्या सांभाळते." खाली झाडाच्या सावलीत आठ सॅकच्या मधोमध त्या अशा बसल्या की जणू दुकानच मांडलंय.

अजिंठ्याची चित्रं सगळ्यांना माहीत असतात, पद्मपाणीचं चित्र तर पुस्तकात पाहिलेलं असतंच. पण मला जन्मभर लक्षात राहील ती बारा नंबरची लेणी. तिथे एकही चित्र नाही. मधोमध चौकोनी दालन आणि तीन बाजूंना छोट्या छोट्या खोल्या. प्रत्येक खोलीत दगडाचे दोन पलंग कोरलेले. पावसाळ्यात भिक्खू फिरायचे थांबत आणि अशा विहारांत मुक्काम करत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडी पलंगाकडे बघून थोरली जाऊ म्हणाली, "अगं, हे तर आपलं होस्टेलच!" आम्ही हसलो. पण मग मला वाटलं, वाटसरूला रात्रीपुरती जागा लागते, हे माणसाला किती आधीपासून कळलेलं आहे. ती वाटसरू बाई असली तर मात्र आजही आधी प्रश्न का विचारला जातो?

आणि तो प्रश्न त्याच रात्री आमच्यासमोर आला. बरोबर जेन्ट्स कोण आहे?

लॉजवाल्याशी मी हुज्जत घातली नाही. घालायला हवी होती असं आता वाटतं. आमच्याकडे आठ आधार कार्डं होती, पैसे होते. नव्हता तो फक्त एक पुरुष. अंगणवाडीच्या ताईंचा चेहरा उतरला. "फोन करायचा का घरी?" त्यांनी विचारलं. घरी फोन म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. "सांगितलं होतं ना" हे एक वाक्य, आणि मग पुढची दहा वर्षं कुठेही जाणं नाही.

तेवढ्यात आजी पुढे आल्या. त्या माणसाला म्हणाल्या, "बाबा, तुझी माय कुठे गावाला गेली, तर तिला तू असंच उभं करशील का रस्त्यावर?" आवाज चढवला नाही, की हात हलवला नाही. तो वरमला. खोली तरी दिली नाहीच, पण पोराला बरोबर पाठवून दोन गल्ल्या पलीकडच्या धर्मशाळेत आम्हाला पोहोचवलं. तिथल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकांनी वहीत नावं लिहिली, सतरंज्या काढून दिल्या आणि विचारलं, "जेवलात का?" एवढंच. त्या रात्री आम्ही त्या मैत्रिणीने दिलेल्या दशम्या खाल्ल्या. तिसरा दिवस होता तरी मऊ होत्या. खाताना कुणी फारसं बोललं नाही.

शेगावची गोष्ट वेगळीच. तिथे भक्त निवासाच्या रांगेत आमच्यासारख्या बायकांचे गट कितीतरी होते. कुणी विचारलं नाही बरोबर कोण आहे ते. स्वच्छ खोली, शिस्तीचे सेवेकरी, महाप्रसाद. समाधीसमोर उभी राहिले तेव्हा मनात आलं, महाराज, आम्ही तुमच्या नावावर अजिंठा पाहिला, माफ करा. आणि लगेच हेही आलं, की मी माफी कशाची मागते आहे?

घरी परतले. ह्यांनी विचारलं, "झालं का दर्शन?" मी म्हटलं, "झालं. पण आम्ही दर्शनासाठी गेलो नव्हतो. आम्ही फिरायला गेलो होतो." ते क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, "मग तसं सांगायचं ना." मैत्रिणींनो, मी रात्रभर त्या वाक्याचा विचार केला. तसं सांगितलं असतं तर खरंच जाऊ दिलं असतं का? कदाचित हो, कदाचित नाही. पण मी सांगूनच पाहिलं नव्हतं. नकार येण्याआधीच मी कारण शोधून ठेवलं होतं.

१८८३ साली आनंदीबाई जोशी नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या. त्यांच्यापाशी केवढं मोठं कारण होतं! तेवढं मोठं कारण आपल्यापाशी नसतं. पण डोंगर बघावासा वाटणं, मैत्रिणींबरोबर हसावंसं वाटणं, एक सकाळ दूध न तापवता उगवावी असं वाटणं, हेही कारण आहे. २०२३ साली राज्य सरकारने 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. धोरणं कागदावर येतात, चांगलंच आहे. पण घरात तोंड उघडून "मला फिरायला जायचंय" हे म्हणायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागेल.

तुम्हाला जायचं असेल तर चार गोष्टी सांगते. मुक्कामाच्या गावी उजेडी पोहोचा, आमच्यासारखा उशीर करू नका. राहायच्या जागी आधी फोन करून स्पष्ट विचारा, "नुसत्या बायका आहोत, चालेल ना?" होस्टेलमध्ये आपलं कुलूप, आपली चादर आणि एक टॉर्च जवळ ठेवा. सामान स्वतःला पाठीवर पेलेल तेवढंच घ्या, कारण उचलायला 'हे' नसणार! आधार कार्ड हाताशी ठेवा आणि अडचणीला ११२ हा नंबर पाठ असू द्या. आमचा पाच दिवसांचा खर्च माणशी अडीच हजारांच्या आत बसला. अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतं, तेव्हा खेतियाच्या पुढे जायचं असेल तर हिशेब वेगळा मांडा.

आमची भिशी पुन्हा सुरू झाली आहे. या वेळी महेश्वरला जायचं म्हणतोय, अहिल्याबाईंचा घाट बघायला. घरी सांगताना 'नर्मदास्नान' म्हणायचं नाही, असं ठरलं आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्या मैत्रिणीचे अडीच हजार जमा आहेत. परवा ती भेटली तेव्हा मी तिला वही दाखवली. तिने आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सॅक कुठून घेतलीत हो तुम्ही?"

मी म्हटलं, "मुलाची जुनी आहे. छोटा भीमवाली हवी का?"

ती हसली. "चालेल," म्हणाली.